डायव्हिंगचा मास्क चेहऱ्याला नीट बसेल असा कसा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कूबा शिकायला लागलं की टाकी, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं यंत्र), जॅकेट सगळं भाड्याने मिळतं, पण मास्क स्वतःचा असावा असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. वाटणं बरोबरच आहे. घोटाळा होतो तो निवडताना. मी पहिला मास्क घेतला तो रंग आवडला म्हणून. घरी आरशासमोर छान दिसला. पाण्यात उतरल्यावर त्याने माझ्या नाकी नऊ आणले, अगदी शब्दशः. दर दोन मिनिटांनी नाकाशी पाणी यायचं आणि मी मासे बघायचं सोडून मास्क रिकामा करत बसायचो. पुढची आठ-दहा डाइव्ह मी पट्टा आणखी आवळत राहिलो. मास्कमध्ये तसा काहीच दोष नव्हता. तो दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यासाठी होता, एवढंच.

पोहायचा चांगला गॉगल आहे माझ्याकडे. तो का चालत नाही?

कारण त्यात नाक बाहेर राहतं. पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे १ वातावरणाने वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर जेवढा दाब असतो, त्याच्या दुप्पट १० मीटरवर. मास्कमध्ये समजा २०० मिलिलिटर हवा असेल, तर तेवढ्या खोलीवर ती आकसून १०० मिलिलिटर व्हायला बघते. रिकामी झालेली जागा भरायला दुसरं काही नसेल, तर मास्क चेहरा आणि डोळे आत ओढू लागतो. मास्कमध्ये नाक आत असतं, त्यामुळे खाली जाताना नाकाने थोडी हवा सोडली की दाब सारखा होतो. गॉगलमध्ये ती सोय नाही. हातभर खोल पाण्यात ठीक आहे. डाइव्हला गॉगल घालून जाऊ नका.

डोळ्यांसमोर हवा कशाला हवी, असंही काहीजण विचारतात. डोळ्याची प्रकाश वळवण्याची बरीचशी ताकद बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात असते आणि तो पडदा हवेला लागून असेल तरच काम करतो. पाण्याला थेट लागला की जवळजवळ निकामी, म्हणून सगळं धूसर. मास्क ही डोळ्यांपुढे धरलेली हवेची खोली आहे. तिच्यातून बघताना वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि पाऊण अंतरावर आल्यासारख्या दिसतात. परत आल्यावर सांगितलेल्या माशाच्या लांबीतून तेवढं वजा करावं.

दुकानात मास्क बसतो की नाही, हे नक्की कसं तपासायचं?

घाई न करता. अर्धा तास तरी हाताशी ठेवा.

आधी पट्टा पुढच्या बाजूला, काचेवरून उलटा टाका, म्हणजे तो मध्ये येणार नाही. केस कपाळावरून पूर्ण मागे घ्या. मग मान मागे टाकून छताकडे बघा आणि मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवा. दाबायचा नाही, श्वास ओढायचा नाही. मास्कच्या कडेला जी सिलिकॉनची मऊ झालर असते, जिला डायव्हर स्कर्ट म्हणतात, ती सगळीकडून कातडीला टेकली आहे का, ते बघायचं. तुम्हाला स्वतःला ते दिसणार नाही. सोबतच्या माणसाला बाजूने बघायला सांगा, नाहीतर कडेवरून बोट फिरवा. फट बहुतेक तीनपैकी एका जागी सापडते: कानशिलाजवळ, भुवयांच्या मध्ये, किंवा नाकपुडीच्या बाजूने गालाकडे जाणाऱ्या घडीत.

फट दिसली की तो मास्क खाली ठेवा. ‘पट्टा लावला की बसेल’ असं विक्रेता म्हणेल. नाही बसत.

फट नसेल, तर आता नाकाने अगदी हलका श्वास आत घ्या, फूल हुंगावं तेवढाच, आणि धरून ठेवा. मान हळूहळू सरळ करा, हात काढा. मास्क जागेवर राहिला पाहिजे. थोडा वेळ थांबा. कुठून तरी बारीक सूं असा हवेचा आवाज आला किंवा मास्क हळूच सैल पडू लागला, तर तिथे गळती आहे.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. तोंडात रेग्युलेटरचं माउथपीस धरा. दुकानात नसेल तर स्नॉर्केलचं चालेल. माउथपीस तोंडात गेलं की वरचा ओठ पुढे येतो, गाल ताणले जातात, नाकाच्या दोन्ही बाजूंची घडी बदलते. कोरड्या, मिटल्या तोंडाने घट्ट बसलेला मास्क इथे ओठाजवळ उचलला जातो. हे होताना कळतंसुद्धा. नाकाखाली एक गार झुळूक आल्यासारखी वाटते. त्याच अवस्थेत पुन्हा हलका श्वास घेऊन बघा.

मग पट्टा लावून पाच-दहा मिनिटं मास्क घालून दुकानात फिरा. लोक बघतील, बघू द्या. नाकाच्या हाडावर किंवा कपाळावर एखादा कठीण बिंदू टोचत असेल, तर तो दहा मिनिटांत सांगतो. पाण्यात तासाभराने त्याचं ठणकणं होतं.

शेवटी नाक चिमटीत धरून बघा. कानातला दाब सारखा करण्यासाठी डाइव्हमध्ये हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. मास्कचा नाक झाकणारा मऊ भाग, म्हणजे नाकाची पिशवी, बाहेरून दोन्ही बाजूंनी बोटांच्या चिमटीत नीट आली पाहिजे. थंड पाण्यात जाणार असाल तर हातमोजे घालून.

जोरात श्वास ओढला तर मास्क मस्त चिकटून बसला. म्हणजे बसला ना?

जोरात ओढलं तर वाटीसुद्धा तोंडाला चिकटते. जास्त ओढ लावली की झालर दाबली जाते आणि छोट्या फटी तात्पुरत्या बुजतात. ही चाचणी खोटं बोलते ती अशी. म्हणून आधी श्वास न घेता नुसतं टेकवून बघायचं, आणि नंतरही हलकाच घ्यायचा.

पट्टा किती घट्ट असावा?

तुम्हाला वाटतं त्याहून सैल.

पट्टा मास्कला जागेवर ठेवतो, पाणी अडवत नाही. पाणी अडवते ती झालरीची पातळ कडा, आणि तिला चेहऱ्यावर दाबून धरायला बाहेरचं पाणीच मदत करतं. पट्टा आवळला की झालर चपटी होते, कडा दुमडते किंवा बाहेरच्या बाजूला उलटते आणि नेमकी तिथून धार लागते. मग नवशिका अजून आवळतो. असं बऱ्याचदा पाहिलंय मी: चेहऱ्यावर लालभडक गोल, डोळे बाहेर आलेले, आणि मास्क तरीही गळतोय. पट्टा दोन खाचा सैल करून दिला की गळती थांबते आणि माणूस चकित होतो.

पट्ट्याची जागाही बघा. तो डोक्याच्या मागच्या सगळ्यात फुगीर भागावर, कानांच्या वरून गेला पाहिजे. मानेकडे घसरला तर मास्कची खालची कडा ओठात रुतते, फार वर चढला तर वरची कडा कपाळात घुसते आणि खालची सुटते. बाजूने पाहिलं तर पट्टा साधारण आडवा दिसावा. लांब केसांना सिलिकॉनचा पट्टा चिकटतो आणि काढताना चार केस घेऊन जातो; त्यावर निओप्रिनच्या कापडाचं आवरण चढवा. छोटीशी गोष्ट आहे, पण सुख आहे.

मला भरघोस मिशी आहे. काढावी लागेल का?

सहसा नाही. मिशीमुळे पाणी येतं हे खरं. केसांच्या मधल्या बारीक वाटांनी ते झिरपतं. पण झालर जिथे टेकते, ती जागा नाकाच्या अगदी खाली, मिशीच्या वरच्या काठाला असते. तिथली काही मिलिमीटरची पट्टी तासली की झालरीला कातडी मिळते आणि मिशी मिशीच राहते. समोरून कुणाला कळतही नाही.

दुसरा उपाय म्हणजे तिथे सिलिकॉन ग्रीस लावणं. व्हॅसलिन लावणारेही भेटतील. रबराच्या भागांना ते चांगलं नाही आणि चेहऱ्यावरून काचेवर गेलं तर पुसता पुसत नाही, म्हणून मी टाळतो. तिसरा उपाय सवयीचा आहे: थोडं पाणी येणारच हे मान्य करून अधूनमधून ते नाकाने बाहेर फुंकणं. मिशीवाले जुने डायव्हर हे इतक्या सहज करतात की शेजारच्याला पत्ता लागत नाही.

दोन-तीन दिवसांची खुरटी दाढी मात्र पूर्ण मिशीहून जास्त त्रास देते, असा माझा अनुभव आहे. ताठ खुंट झालरीला उचलून धरतात. एकतर वाढवा, नाहीतर गुळगुळीत करा.

दुकानात छान बसलेला मास्क पाण्यात गळतोय. बदलू का?

थांबा. मास्कला दोष देण्याआधी बाकीचे संशयित तपासा, कारण बहुतेक वेळा गुन्हेगार दुसराच निघतो.

पहिला संशयित केस. झालरीखाली गेलेली केसांची एक बट पुरते. पाणी तिच्या कडेकडेने आत येतं. हूड, म्हणजे थंड पाण्यातली डोक्याची घट्ट टोपी, घालत असाल तर तिची कड झालरीखाली गेली आहे का, हे उतरण्याआधी बडीला, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराला, बघायला सांगा. कपाळाच्या बाजूला हे हमखास होतं, आणि स्वतःला कळत नाही.

दुसरा संशयित तुमचं नाक. नवीन माणूस ताणात असला की नकळत नाकाने श्वास सोडतो. प्रत्येक उच्छ्वासाला हवा झालर उचलून बाहेर जाते आणि तिच्या जागी थोडं पाणी आत येतं. बडीला सांगा, की माझ्या मास्कमधून बुडबुडे येतात का ते बघ. येत असतील तर मास्क निर्दोष.

तिसरा, हसू. कासव दिसलं, माणूस हसला, गालाची घडी खोल झाली, पाणी आत. याला इलाज नाही आणि नसावा.

चौथा म्हणजे सनस्क्रीन आणि चेहऱ्याची क्रीम. झालर घसरते, वर ते डोळ्यात गेलं तर झोंबतं. झालर जिथे बसते ती पट्टी कोरडी आणि स्वच्छ ठेवा.

पाणी कुठून येतंय हे शोधताना एक चकवा लक्षात ठेवा. कुठूनही आलं तरी ते जमतं नाकाच्या पिशवीतच, कारण तीच सगळ्यात खालची जागा. म्हणून ‘नाकापाशी गळतो’ असं वाटतं. डोळे क्षणभर मिटा आणि गार ओहोळ गालावरून कुठून उतरतो ते जाणवतं का, बघा. कानशिलावरून येत असेल तर केस किंवा पट्टा. कपाळावरून येत असेल तर हूड. खरोखर ओठाजवळून असेल तर मिशी, माउथपीस किंवा मास्कचा आकार.

हे सगळं तपासूनही प्रत्येक वेळी एकाच जागेहून पाणी येत असेल, तर तो मास्क तुमचा नाही. झालरीची कडा मात्र एकदा उजेडात धरून बघा. नखाएवढी चीर असली तरी सापडेल.

नाक मोठं आहे, चेहरा अरुंद आहे. माझ्यासाठी वेगळा प्रकार असतो का?

‘लहान चेहरा’, ‘रुंद चेहरा’ अशी लेबलं असतात, पण त्यांवर फार विसंबू नका. दोन कंपन्यांचा ‘मध्यम’ सारखा नसतो. अरुंद चेहऱ्यावर रुंद मास्क ठेवला की कानशिलाजवळ झालर हवेत राहते. हे नाकापेक्षा मोती जड असलेलं प्रकरण, ते घेऊच नये. नाक मोठं किंवा हाड उंच असेल तर बघायची गोष्ट म्हणजे नाकाच्या हाडापासून फ्रेमपर्यंत किती जागा उरते. बोटाने फ्रेम हलकेच चेहऱ्याकडे दाबा. हाडाला कठीण प्लास्टिक किंवा काच टेकली, तर खोलीवर गेल्यावर तेच होणार. भुवयांच्या मधे खोल खाच असलेल्यांना तिथे फट राहते. अशांनी दुहेरी कडेची, म्हणजे एकात एक दोन ओठ असलेली झालर बघावी. आतला ओठ चुकला तर बाहेरचा धरतो.

एक काच, दोन काचा की बिनफ्रेमचा?

आधी बसणं, मग हे. तरी थोडक्यात सांगतो. एका सलग काचेत मध्ये दांडी नसते, नजर मोकळी वाटते. दोन काचांचा मास्क डोळ्यांच्या जास्त जवळ बसू शकतो, म्हणून आत हवा कमी मावते आणि त्यात नंबरच्या काचा बसवता येतात. बिनफ्रेमच्या मास्कमध्ये झालर थेट काचेवर चढवलेली असते. तो चपटा दुमडून खिशात जातो, त्यामुळे जादाचा मास्क म्हणून उत्तम. त्याची काच सहसा बदलता येत नाही.

आतली हवा कमी असण्याचा फायदा रोजचा आहे. पाणी शिरलं तर कमी फुंकरीत मास्क रिकामा होतो, आणि खाली जाताना दाब सारखा करायला कमी हवा लागते. बाजूलाही खिडक्या असलेले मोठे मास्क ऐसपैस वाटतात, पण ते रिकामे करायला दमदार फुंकर लागते.

कोणताही घ्या, काच टेम्पर्ड असल्याचं काचेवर लिहिलेलं असलं पाहिजे. अशी काच फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत, बोथट दाणे होतात. डोळ्यांसमोर बोटभर अंतरावर असलेल्या वस्तूबाबत एवढा आग्रह धरायलाच हवा.

झालर काळी की पारदर्शक?

पारदर्शक झालरीतून बाजूने उजेड येतो, कोंडल्यासारखं होत नाही. नवख्यांना आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्यांना ती बरी. काळी झालर बाजूची तिरीप अडवते, काचेच्या आतल्या बाजूला प्रतिबिंब पडत नाही, म्हणून फोटो काढणाऱ्यांचा तिच्याकडे ओढा असतो. पारदर्शक सिलिकॉन वर्षांनुवर्षांत पिवळं पडतं. पाणी अडवण्यात दोन्ही सारख्या. मी काळी वापरतो, पण पहिल्यांदा घातली तेव्हा घोड्याला झापडं लावल्यासारखं वाटलं होतं.

चष्मा आहे. पाण्यात काय करायचं?

चष्म्यावर मास्क घालता येत नाही. काड्या झालर उचलतात आणि सगळं पाणी आत. मार्ग तीन आहेत.

दोन काचांच्या बऱ्याच मास्कमध्ये तयार नंबरच्या काचा मिळतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असला तरी चालतं. चष्म्याचा सिलेंडरचा (दृष्टिवैषम्याचा) नंबर मात्र या तयार काचांत नसतो. तो किरकोळ असेल तर चष्मेवाला साध्या नंबरात जुळवून देतो. जास्त असेल तर मास्कच्या काचेला आतून खास घासलेली काच चिकटवून घ्यावी लागते. मास्कची काच डोळ्यापासून चष्म्याहून लांब असते, त्यामुळे मोठ्या नंबरात थोडा फेर पडतो. नंबर सांगताना ‘मास्कसाठी’ असं जरूर सांगा.

अगदी कमी नंबर असलेले कित्येकजण साध्या मास्कवर निभावून नेतात, कारण पाण्यात वस्तू तशाही मोठ्या आणि जवळ दिसतात. चाळिशी लागलेल्यांचं दुखणं वेगळं: लांबचा मासा स्पष्ट, हातातलं प्रेशर गेज धूसर. टाकीत किती हवा उरली हे अंदाजाने वाचणं बरं नव्हे. त्यांच्यासाठी काचेच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असलेल्या काचा मिळतात.

आणि नंबरच्या काचा मिळतात म्हणून न बसणारा मास्क घेऊ नका. आधी मास्क बसू दे.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून गेलं तर?

मऊ लेन्स घालून लोक नेहमी जातात. मास्कमध्ये पाणी आलं तर डोळे मिटून रिकामा करायचा, नाहीतर लेन्स वाहून जाईल. कठीण लेन्सखाली वर येताना बारीक बुडबुडे अडकू शकतात आणि काही वेळ धूसर दिसतं. समुद्राचं असो की तलावाचं, पाणी लेन्सवर लागलं की जंतुसंसर्गाचा धोका असतो, म्हणून एकदाच वापरायच्या लेन्स घाला आणि बाहेर आल्यावर काढून टाका. पुन्हा डबीत ठेवू नका.

डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर मास्क निवडण्याच्या आधी नेत्रतज्ज्ञाला विचारा. दृष्टिपटलाच्या काही शस्त्रक्रियांत डोळ्यात गॅसचा बुडबुडा ठेवतात. तो असताना डाइव्ह करणं म्हणजे डोळा गमावणं होऊ शकतं.

डाइव्हनंतर डोळ्यांतला पांढरा भाग लालभडक झाला, डोळ्यांभोवती काळंनिळं पडलं. मास्क छोटा होता का?

मास्कचा आकार नव्हे, खाली जाताना नाकाने हवा सोडायचं राहिलं. मास्क आत ओढला गेला, आणि बारीक रक्तवाहिन्या फुटल्या. दिसायला भयंकर असतं. कामावर गेल्यावर प्रत्येकजण ‘मारामारी केलीस का’ विचारतो. दुखत नसेल आणि नजर नेहमीसारखी असेल तर सहसा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जिरतं. डोळा दुखत असेल, धूसर किंवा दुहेरी दिसत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

गंमत म्हणजे फार छान बसणाऱ्या मास्कमध्ये हे होण्याची शक्यता जास्त. गळका मास्क स्वतःच पाणी आत घेऊन दाब सारखा करतो. म्हणून नवा, नीट बसणारा मास्क घेतला की खाली जाताना मुद्दाम आठवण ठेवा: कान मोकळे करायचे, की लगेच नाकाने हलकी फुंकर. वर येताना काही करावं लागत नाही. फुगलेली हवा झालरीखालून आपली आपण निघून जाते.

डाइव्हनंतर कपाळ आणि डोकं दुखतं. मास्कमुळे?

असू शकतं. पट्टा सैल करून बघा, मग फ्रेम कपाळाला टेकते का बघा. चेहऱ्यावर झालरीची फिकट रेघ उमटणं नेहमीचं आहे, तासाभरात जाते. एकाच जागी खोल, दुखरा व्रण उमटत असेल तर तिथे काहीतरी कठीण लागतंय. पण डोकेदुखीला श्वास रोखून धरण्यापासून सायनसपर्यंत इतर कारणंही असतात. मास्क बदलूनही राहिली तर इन्स्ट्रक्टरला आणि डॉक्टरला सांगा.

नवा मास्क सतत धुकं धरतो. बसण्यात काही चूक आहे?

नाही. कारखान्यातून येताना काचेच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचा अदृश्य लेप असतो. त्याला वाफ धरते आणि थुंकी-शाम्पू काही चालत नाही. पांढरी, साधी टूथपेस्ट (जेल नको) बोटावर घेऊन आतली बाजू कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत घासा, धुवा, परत घासा. दोन-तीनदा. काच बोटाखाली करकर वाजायला लागली की लेप गेला समजा. काचेवर वाफ न धरण्याचं खास आवरण दिलेलं असेल तर मात्र टूथपेस्ट लावू नका, आवरणच घासलं जाईल.

लायटरची ज्योत आतून फिरवायची एक पद्धत आहे. मी तिच्या विरोधात आहे. झालर जळायला क्षण पुरतो.

पुढे प्रत्येक डाइव्हआधी पाण्यात मिसळलेला लहान मुलांचा शाम्पू किंवा थेट थुंकी, बोटाने पसरायची, हलकेच विसळायचं. वाफ काचेवर थेंबाथेंबाने न बसता पातळ थर होऊन बसते आणि आरपार दिसतं. नाकाने श्वास सोडत राहिलात तर हेही उपयोगी पडणार नाही.

पर्ज व्हॉल्व्ह असलेला मास्क घ्यावा का?

नाकाखालच्या एकदिशा झडपेतून फुंकर मारली की पाणी बाहेर. सोयीचं आहे. पण झडपेत वाळूचा एक कण अडकला तरी ती गळते, आणि काही मास्कमध्ये नाक चिमटीत धरायला ती आड येते. मास्क रिकामा करणं नीट शिकलात तर तिची गरज उरत नाही.

तोंडासकट पूर्ण चेहरा झाकणारा स्नॉर्केलचा मास्क आरामशीर वाटतो. तो स्कूबाला चालेल?

नाही. तो पृष्ठभागावर तरंगण्यासाठी आहे. त्यात रेग्युलेटर तोंडात धरता येत नाही, बहुतेकांत नाक चिमटीत धरता येत नाही, आणि आतली हवा इतकी असते की खाली जाताना दाब सारखा करणं जमत नाही. स्कूबासाठीचे पूर्ण चेहऱ्याचे मास्क ही वेगळी वस्तू आहे. त्यांना स्वतःचा रेग्युलेटर असतो आणि ते वापरायला वेगळं शिकावं लागतं.

मुलासाठी दोन वर्षं पुढचा, थोडा मोठा घेतला तर?

शाळेच्या गणवेशाला चालतं ते इथे नाही चालत. मोठा मास्क गळतो, पाणी नाकात जातं, मूल घाबरतं आणि पुढे पाण्याला नाही म्हणतं. आज बसणारा घ्या.

ऑनलाइन मागवला तर?

मोजमापावरून मास्क बसेल की नाही हे कळत नाही, परीक्षणांवरूनही नाही. लिहिणाऱ्याचा चेहरा तुमचा नसतो. परत घेण्याची सोय असेल तरच मागवा, आणि आल्याआल्या वरची सगळी चाचणी करा, माउथपीससकट. टूथपेस्ट त्यानंतर. घासलेला मास्क परत घेत नाहीत.

त्याआधी ओळखीच्या डायव्हरांचे मास्क चेहऱ्याला लावून बघा. चार मास्क लावले की आपल्या चेहऱ्याची खोड कळते.

नीट बसणारा मास्क सापडला. तो तसाच राहावा म्हणून काय करू?

प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, झालरीच्या आणि फ्रेमच्या सांध्यात बोट फिरवा, सावलीत वाळवा. ओला डबीत बंद केला तर झालरीवर काळे ठिपके येतात. मूळ कडक डबी फेकू नका. बॅगेत इतर सामानाखाली दबून झालरीला मुरड पडली तर तिथेच गळती सुरू होते. पारदर्शक झालर काळ्या रबराला लागून ठेवू नका, डाग उतरतो आणि जात नाही.

बोटीवर मास्क कपाळावर चढवून ठेवायची सवय असेल तर मोडा. तिथून तो पहिल्या लाटेला पडतो, शिवाय कपाळावर मास्क म्हणजे माणूस अडचणीत आहे असा अर्थ काही ठिकाणी घेतात. गळ्यात उतरवून ठेवा. आणि पट्टा-बकल वर्षातून एकदा ताणून बघा. माझा पट्टा उतरायच्या शिडीवर उभं असताना तुटला होता, टाकी पाठीवर, फिन्स पायात. तेव्हापासून जादाचा पट्टा बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात असतो. आजवर तो तीनदा लागला, तिन्ही वेळा दुसऱ्याच कुणाला तरी.